पोथी आणि हात

एखाद्या देशांत विद्येचा ऱ्हास कां होतो, हें शोधूं लागलें म्हणजे परचक्र, दुष्काळ, राजाश्रयाचा अभाव अशीं मोठमोठीं कारणें चटकन् पुढें येतात. त्यांच्या मानानें क्षुल्लक दिसणारें, परंतु त्यांच्याइतकेंच घातक असें आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे आमच्या लोकांचें लक्ष जावें तितकें जात नाहीं. ज्यांनीं वाचावें त्यांनीं हात लावूं नये, आणि ज्यांनीं हात लावावा त्यांनीं वाचूं नये, अशी वांटणी समाजांत एकदां पक्की झाली कीं विद्येच्या मुळास कीड लागते. झाड कांहीं शतकें उभें राहतें, त्यास पालवीहि फुटते. नवें फळ मात्र धरत नाहीं. युरोपांतील वैद्यकविद्या कित्येक शतकें अशा स्थितींत होती. ती वांटणी ज्या तरुण अध्यापकानें सर्वांसमक्ष मोडली, त्या आन्द्रेआस व्हेसेलियसचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो १५६४ सालीं निवर्तला. पण ज्या रोगावर त्यानें उपाय केला तो रोग आमच्या घरांतून अद्याप गेलेला नाहीं, आणि म्हणूनच हें चरित्र सांगण्याचें प्रयोजन आहे.

त्या काळीं तिकडील विद्यापीठांत शवच्छेदन कसें चाले, हें प्रथम सांगितलें पाहिजे. इटलींतील बोलोन्या येथील मोंदिनो नांवाच्या अध्यापकानें १३१६ च्या सुमारास या विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. आणि थंडीच्या दिवसांत, फांशीं गेलेल्या एखाद्या गुन्हेगाराचें प्रेत फाडून विद्यार्थ्यांस दाखविण्याची चाल हळूहळू इतर विद्यापीठांतूनहि पडली. अध्यापक लांब झगा घालून उंच आसनावर बसे व लॅटिन ग्रंथ वाची. खालीं मेजावर प्रेत ठेविलेलें असे, व त्यास सुरी लावण्याचें काम न्हाव्याचें असे. दोघांच्या मध्यें एक तिसरा मनुष्य हातांत काठी घेऊन उभा राही आणि ज्या भागाचें नांव वरून उच्चारलें जाई तो भाग काठीनें दाखवी. न्हाव्यास लॅटिन येत नसे, म्हणून वर काय वाचलें जात आहे तें त्यास समजत नसे. अध्यापक आसन सोडीत नसे, म्हणून खालीं काय निघत आहे तें त्यास दिसत नसे. ग्रंथांत एक आणि मेजावर दुसरेंच निघालें, तर तो दोष प्रेताचा समजण्यांत येई!

हा ग्रंथ बहुधा गेलनचा, किंवा गेलनच्या मतांवर रचलेला असे. गेलन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य. पर्गामम हें त्याचें जन्मस्थान. तेथें आखाड्यांत लढणाऱ्या मल्लांच्या जखमा बऱ्या करण्याचें काम त्यानें केलें, आणि पुढें रोमच्या बादशहांपर्यंत त्याची कीर्ति पोंचली. त्याची बुद्धि मोठी आणि उद्योग अफाट, यांत शंका नाहीं. परंतु मनुष्याचें प्रेत फाडण्याची त्याच्या काळीं रोमांत मोकळीक नसल्यामुळें त्यानें माकडें, डुकरें, गुरें यांचीं शरीरें तपासलीं आणि त्यांवरून मनुष्यशरीराचें वर्णन केलें. त्यामुळें मनुष्याच्या खालच्या जबड्याचीं हाडें दोन झालीं, छातीच्या मधल्या हाडाचे सात तुकडे झाले, आणि गुरांच्या मेंदूच्या तळाशीं असणारें रक्तवाहिन्यांचें जाळें मनुष्याच्याहि मेंदूखालीं जाऊन बसलें. एवढ्यावरून गेलनला दोष देणें अन्यायाचें होईल. संधि मिळेल तेथें मनुष्याचीं हाडें स्वतः पाहावीं, असा उपदेश त्यानें आपल्या वाचकांस केलेला आहे. त्याच्या भक्तांनीं त्याचें प्रत्येक वाक्य पाठ केलें आणि नेमका हा उपदेश तेवढा सोडून दिला. आपल्या इकडे आचार्यांच्या शिष्यपरंपरांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

व्हेसेलियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजीं ब्रसेल्स येथें झाला. घराणें वैद्यांचें, आजा बादशहा मॅक्सिमिलियन याचा वैद्य, आणि बाप पांचव्या चार्लस बादशहाच्या पदरीं औषधें तयार करणारा. घरांत जुनीं हस्तलिखितें होतीं, आणि घरापासून जवळच गुन्हेगारांस फांशीं देण्याची टेंकडी होती. एकीकडे ग्रंथ आणि दुसरीकडे उघड्यावर लोंबणारीं प्रेतें, अशा शेजारांत हा मुलगा वाढला. लूव्हेन येथें भाषांचें शिक्षण पुरें करून तो १५३३ मध्यें वैद्यक शिकण्यास पॅरिसला गेला. तेथें सिल्व्हियस आणि ग्विंटर हे दोन नामांकित अध्यापक होते. ग्विंटरनें गेलनच्या ग्रीक ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें केलीं होतीं व भाषापंडित म्हणून त्याची योग्यता मोठी होती. परंतु जेवणाच्या ताटाखेरीज अन्यत्र त्यास सुरी चालवितांना आपण पाहिलें नाहीं, अशा अर्थाचा टोमणा पुढें त्याच्या या शिष्यानेंच मारला आहे.

गुरूंकडून जें मिळेना तें हा विद्यार्थी स्मशानांत शोधूं लागला. पॅरिसच्या इनोसंट्स नांवाच्या दफनभूमींत जुन्या हाडांचे ढीग रचलेले असत. तेथें तो व त्याचे सोबती तासन् तास बसत. डोळे बांधून केवळ हातांच्या स्पर्शानें हाड ओळखण्याची पैज ते लावीत, आणि अर्धा अर्धा तास एकामागून एक हाड हातीं दिलें तरी व्हेसेलियस चुकत नसे. १५३६ मध्यें फ्रान्सचा राजा व बादशहा यांच्यांत युद्ध पेटल्यामुळें त्यास पॅरिस सोडून लूव्हेनला परतावें लागलें. तेथें गांवाबाहेर वधस्तंभास बांधलेला एका चोराचा सांगाडा त्याच्या दृष्टीस पडला. पक्ष्यांनीं मांस खाऊन हाडें स्वच्छ केलीं होतीं. त्यानें वर चढून हातपाय सोडविले, रात्रीं पुन्हां जाऊन सांखळीनें जखडलेलें धड काढलें, आणि सर्व हाडें लपवून घरीं आणून जुळविलीं. लोकांनीं विचारल्यास हा सांगाडा पॅरिसहून आणला असें तो सांगे.

येथें एक गोष्ट आम्हांस झांकून ठेवावयाची नाहीं. ज्ञानाच्या या तहानेंत व्हेसेलियसनें व त्याच्या विद्यार्थ्यांनीं पुढें इटलींत पुरलेलीं प्रेतेंहि उकरून नेलीं, आणि एका स्त्रीच्या प्रेताची कातडी तर तिच्या आप्तांस ओळख पटूं नये म्हणून सोलून काढली. हें त्यानें स्वतःच आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. ज्यांचीं शरीरें अशीं गेलीं ते गुन्हेगार, दरिद्री किंवा निराधार होते. त्यांची संमति कोणीं विचारली नाहीं. हा प्रकार निंद्य होता, आणि केवळ त्यांतून मोठें शास्त्र निपजलें एवढ्यानें तो निर्दोष ठरत नाहीं. आज मनुष्यास जिवंतपणीं स्वेच्छेनें देहदानाचा संकल्प करतां येतो. ज्या विद्येचा लाभ आपण सर्व घेतों तिचें हें जुनें देणें फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

१५३७ मध्यें त्यानें अरबी-फारसी विद्येंतील थोर वैद्य राझी याच्या एका ग्रंथाचें सुधारलेलें लॅटिन रूपांतर प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो व्हेनिसच्या राज्यांतील पादुआ विद्यापीठांत आला. ५ डिसेंबर रोजीं त्यास वैद्यकाची उच्च पदवी मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशीं शस्त्रक्रिया व शारीर हे विषय शिकविण्याच्या जागीं त्याची नेमणूक झाली. त्या वेळीं त्यास तेविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. अध्यापक झाल्यावर त्यानें केलेलें पहिलें मोठें काम दिसावयास अगदीं साधें होतें: तो आसनावरून खालीं उतरला. न्हाव्यास बाजूस करून त्यानें सुरी स्वतःच्या हातीं घेतली, काठीवाल्यास रजा दिली, आणि वाचणारा, कापणारा व दाखविणारा हे तिघेहि एकाच मनुष्यांत आणले. विद्यार्थ्यांस त्यानें जवळ बोलाविलें, स्वतः स्पर्श करून पाहण्यास सांगितलें. एवढ्या एका उतरण्यानें शास्त्राचा प्रवाह फिरला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु कोणी असें समजूं नये कीं, सुरी हातीं घेतल्याबरोबर त्याच्या डोळ्यांवरचा पडदा दूर झाला. संस्काराचें बळ त्याहून मोठें असतें. १५३८ मध्यें त्यानें विद्यार्थ्यांकरितां सहा मोठे चित्रपट छापले. त्यांपैकीं तीन त्यानें स्वतः रेखाटले होते व सांगाड्याचे तीन कालकार नांवाच्या चित्रकारानें काढले होते. त्या चित्रांत यकृतास पांच पाकळ्या आहेत व मेंदूखालीं तें गुरांचें जाळेंहि आहे! म्हणजे हातानें प्रेत फाडीत असतांहि डोळे अद्याप गेलनचेच होते. इतकेंच काय, विद्यार्थ्यांस मेंदूखालचें जाळें दाखवितां यावें म्हणून आपण मेंढ्याचें डोकें जवळ बाळगीत असूं, अशी कबुली त्यानें मागाहून दिली आहे. स्वतःच्या मूर्खपणाची अशी छापील कबुली देणारा पंडित विरळा.

मग पादुआच्या एका न्यायाधीशानें फांशीं गेलेल्यांचीं प्रेतें त्यास मिळवून देण्याची तजवीज केली, आणि वर्षांतून एक प्रेत मोठ्या मुष्किलीनें पाहावयाचें ही स्थिति पालटली. एकाच प्रेतांत ग्रंथाशीं विरोध दिसला तर तें प्रेत विकृत असें म्हणतां येतें. अनेक प्रेतांत तोच विरोध दिसूं लागला म्हणजे ग्रंथाकडे संशयानें पाहावें लागतें. १५४० च्या जानेवारींत बोलोन्याच्या विद्यार्थ्यांनीं त्यास पाचारण केलें. तेथें कुर्तियस नांवाचे वृद्ध अध्यापक जुन्या रीतीनें व्याख्यान देत आणि व्हेसेलियस मेजाजवळ प्रत्यक्ष दाखवी. दोघांत सर्वांदेखत खटके उडाले. तेथेंच त्यानें मनुष्याचा व माकडाचा असे दोन सांगाडे शेजारीं शेजारीं उभे केले. गेलनचें वर्णन कोणत्या सांगाड्याशीं जुळतें, हें मग कोणासहि दिसण्याजोगें होतें. गेलन खोटें बोलला नव्हता. त्यानें माकडाचें वर्णन केलें होतें, आणि तेराशें वर्षें लोक तें स्वतःचें समजून वाचीत होते.

या निश्चयावर त्यानें आपला मुख्य ग्रंथ रचला. मानवी शरीराच्या रचनेवरील हा सात भागांचा लॅटिन ग्रंथ १५४३ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझल येथें योहान ओपोरिनस या मुद्रकानें छापला. चित्रांचे लांकडी ठसे व्हेनिस येथें कोरून घेण्यांत आले आणि व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, खेंचरांच्या पाठीवरून, आल्प्स पर्वत ओलांडून बाझलला पोंचविण्यांत आले. सहाशेंहून अधिक मोठीं पानें, दोनशेंहून अधिक चित्रें, आणि ग्रंथकाराचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें! छपाईवर देखरेख करण्यास तो स्वतः बाझलला जाऊन राहिला, आणि तेथें याकोब कारर नांवाच्या देहान्त शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचें शवच्छेदन करून त्याचा सांगाडा त्यानें विद्यापीठास दिला. तो सांगाडा बाझलमध्यें आजहि जपून ठेवलेला आहे. त्याच १५४३ सालीं कोपर्निकसचा सूर्यमध्य सिद्धान्ताचा ग्रंथ न्युरेंबर्ग येथें छापून निघाला. एकानें आकाशाची व दुसऱ्यानें देहाची जुनी पोथी एकाच वर्षीं तपासावयास घेतली, हा योगायोग खरोखर लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील चित्रच त्याचा सर्व आशय सांगून जातें. खचाखच भरलेल्या मंडपांत मधोमध मेज आहे, आणि त्याच्याजवळ उभा राहून अध्यापक स्वतः प्रेतास हात लावून दाखवीत आहे. ज्या ठिकाणीं पूर्वीं अध्यापकाचें उंच आसन असे तेथें आतां एक सांगाडा उभा आहे. न्हावी मेजाखालीं बसले असून सुऱ्यांना धार लावण्यावरून आपसांत भांडत आहेत. प्रस्तावनेंत त्यानें वैद्यकाच्या अवनतीचें निदान केलें आहे तें असें: वैद्यांनीं पथ्याचें काम शुश्रूषा करणारांवर सोंपविलें, औषधाचें काम औषधें विकणारांवर, आणि शस्त्राचें काम न्हाव्यांवर, हाताचें काम हलकें मानून तें एकदां टाकून दिल्यावर वैद्यांजवळ नुसतीं नांवें राहिलीं. मोठा ग्रंथ महाग पडणार हें ओळखून त्यानें विद्यार्थ्यांसाठीं त्याचा सारांशहि त्याच वर्षीं काढला, आणि त्या सारांशाचें जर्मन भाषांतरहि त्याच वर्षीं निघालें.

या ग्रंथांत खालचा जबडा एकाच हाडाचा ठरला. छातीच्या हाडाचे तीन भाग ठरले. मेंदूखालचें जाळें मनुष्यांत नाहीं हें स्पष्ट सांगण्यांत आलें. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील जाड पडद्यांत सूक्ष्म छिद्रें आहेत व त्यांतून रक्त पलीकडे झिरपतें, असें गेलनचें मत होतें. १५४३ च्या आवृत्तींत व्हेसेलियस या ठिकाणीं नुसतें आश्चर्य प्रकट करून थांबला; १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत मात्र त्यानें अशीं छिद्रें असल्याबद्दल उघड अविश्वास दाखविला. (कैरो येथील इब्न अल-नफीस या वैद्यानें तेराव्या शतकांतच तीं छिद्रें नाकारलीं होतीं, हें येथें सांगितलें पाहिजे.) ग्रंथाचें खरें सामर्थ्य याहूनहि एका निराळ्या गोष्टींत आहे. कोणती हत्यारें घ्यावीं, कोठें छेद घ्यावा, कोणता थर कसा दूर करावा, हें सर्व त्यांत सांगितलें असल्यामुळें वाचकानें ग्रंथकारावर विश्वास न ठेवतां स्वतः पडताळा पाहावा, अशीच त्याची रचना आहे. आपल्यालाच तपासून पाहा असें सांगणारें पुस्तक हें पोथी होऊं शकत नाहीं.

विरोध व्हावयाचा तो झालाच. सर्वांत कडवा विरोध त्याचा जुना गुरु सिल्व्हियस याचाच होता. १५५१ मध्यें त्यानें एक निंदात्मक पुस्तक लिहून शिष्याच्या नांवावर कोटी केली आणि त्यास लॅटिन भाषेंत वेडा ठरविलें. गेलनचें वर्णन प्रत्यक्षाशीं जुळत नाहीं हें नाकबूल करणें अशक्य झालें, तेव्हां गेलनच्या काळापासून मनुष्याचें शरीरच ऱ्हास पावून बदललें आहे, असा युक्तिवाद त्यानें पुढें केला. ग्रंथ चुकूं शकत नाहीं, म्हणून मनुष्यजातच चुकली! आमच्या इकडे शास्त्रवचन व अनुभव यांचा मेळ बसेना म्हणजे कलियुगाच्या माथीं दोष मारून मोकळे होणारांची कमतरता नाहीं. त्यांनीं या पॅरिसच्या पंडितास आपला सहाध्यायी समजण्यास हरकत नाहीं.

इटली सोडून बादशहाच्या नोकरींत जातांना, १५४४ च्या सुमारास, व्हेसेलियसनें आपलीं कित्येक हस्तलिखितें आगींत टाकलीं. गेलनवरील टिपणेंहि त्यांत गेलीं. या कृत्याचा त्यास पुढें पश्चात्ताप झाला. पंडिताचा दरबारी वैद्य झाला. बादशहाच्या संधिवातावर उपचार करणें व सैन्याबरोबर फिरून जखमा बांधणें हा त्याचा व्यवसाय झाला. त्याच्या आयुष्यांतील अत्यंत तेजस्वी संशोधनाचा काळ उणापुरा सहा वर्षांचा, हें ऐकून खेद होतो.

पण या दरबारी काळांतील एक प्रसंग असा आहे कीं, तो सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. १५५९ च्या उन्हाळ्यांत पॅरिस येथें द्वंद्वाच्या खेळांत भाल्याची काडी डोळ्यांत घुसून फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री जबर जखमी झाला, आणि व्हेसेलियसला ब्रसेल्सहून तातडीनें बोलावून नेण्यांत आलें. राजाच्या शय्येजवळ त्या वेळीं आंब्रोआझ पारे हा शस्त्रवैद्यहि होता. हा पारे मूळचा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या वर्गांतला. त्यास लॅटिन येत नव्हतें. तरुणपणीं इटलीच्या मोहिमेंत बंदुकीच्या जखमांवर ओतण्याचें उकळतें तेल संपलें, तेव्हां त्यानें अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचें साधें मलम लावून पाहिलें. सकाळीं तेलानें भाजलेल्या शिपायांपेक्षां मलमाचे शिपाई सुखांत दिसले, आणि पुनः तेल न वापरण्याचा त्यानें निश्चय केला. १५४५ मध्यें त्यानें आपला अनुभव फ्रेंच भाषेंत छापला. एकीकडे आसन सोडून सुरी धरणारा पंडित, आणि दुसरीकडे वस्तरा ठेवून लेखणी धरणारा न्हावी, असे हे दोघे त्या राजाच्या शय्येपाशीं भेटले. राजा वांचला नाहीं. १० जुलै रोजीं तो मेला. परंतु दोन वर्षांनीं, १५६१ मध्यें, पारेनें शारीरावर फ्रेंच ग्रंथ काढला, आणि त्यांत व्हेसेलियसच्या ग्रंथाचा व चित्रांचा आधार घेऊन तें ज्ञान लॅटिन न जाणणाऱ्या शस्त्रवैद्यांच्या हातीं पोंचविलें. पंडित खालीं उतरणें हें अर्धें काम होय. न्हाव्यास वर चढण्यास वाट मिळणें हें उरलेलें अर्धें. दोन्ही झालीं तेव्हांच शस्त्रक्रिया ही विद्या झाली.

१५५९ मध्येंच व्हेसेलियस दुसऱ्या फिलिप राजाबरोबर स्पेनमध्यें गेला. तेथें शवच्छेदन तर दूरच, एक कवटी मिळण्याचीहि पंचाईत पडे, असें तो लिहितो. अशा स्थितींत पादुआच्या पीठावरील अध्यापक फालोप्पियो याचें पुस्तक त्याच्या हातीं पडलें. फालोप्पियोनें व्हेसेलियसच्या कित्येक चुका मोठ्या आदरानें, पण निर्भीडपणें दाखविल्या होत्या. व्हेसेलियसनें सविस्तर उत्तर लिहिलें. कांहीं मुद्दे मान्य केले, कांहीं नाकारले, आणि जुन्या विद्यापीठाविषयींची ओढ त्यांत स्पष्ट दिसून येते. तें उत्तर फालोप्पियोनें वाचलें नाहीं. तो १५६२ मध्येंच मरण पावला होता. १५६४ मध्यें व्हेसेलियस व्हेनिसमार्गें जेरुसलेमच्या यात्रेस निघाला. परत येतांना ग्रीसच्या पश्चिमेकडील झांटे बेटावर, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. जिवंत मनुष्य फाडल्याबद्दल धर्मन्यायसभेनें त्यास देहान्त शिक्षा दिली व ती माफ होऊन यात्रा पत्करावी लागली, अशी एक कथा प्रचलित आहे; तीस पुरावा नाहीं. सुधारणेचा पक्ष सत्याचा म्हणवितो. त्यानें सोईची दंतकथा तरी कां वापरावी?

पादुआची परंपरा मात्र खंडित झाली नाहीं. फालोप्पियोचा शिष्य फाब्रिसियस याच्या हाताखालीं विल्यम हार्वे हा इंग्रज तरुण शिकला, १६०२ मध्यें पदवीधर झाला, आणि रक्ताभिसरणाचा त्याचा ग्रंथ १६२८ मध्यें प्रसिद्ध झाला. हृदयाच्या पडद्यांत छिद्रें नाहींत, तर रक्त पलीकडे जातें कसें, या प्रश्नाचें उत्तर असें पाऊणशें वर्षांनीं पूर्ण झालें.

आतां आपल्याकडे वळूं. प्रेत गवतांत गुंडाळून पाण्यांत सात रात्री ठेवावें, आणि मग कुंचल्यानें घांसून एकेक थर डोळ्यांनीं पाहावा, असा विधि सुश्रुतसंहितेंत आहे. शास्त्र व प्रत्यक्ष या दोहोंच्या मेळानेंच ज्ञान वाढतें, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे. मग प्रेताचा विटाळ आला, रक्ताचा विटाळ आला, आणि सुश्रुताचे पाठक सुश्रुतास गेलन करून बसले. गळूं फोडणें, तुंबडी लावणें, हाड बसविणें हीं कामें न्हावी व वैदू यांच्याकडे गेलीं. या वांटणीची एक खूण पुण्याच्या इतिहासांत आहे. टिपूच्या लढाईंत नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या मराठा गाडीवानास पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचें नवें नाक लावण्यांत आलें, आणि तें वृत्त लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आलें. तें वाचून तिकडील शस्त्रवैद्य जागे झाले. जोसेफ कार्प्यू यानें १८१४ मध्यें लंडनांत ती क्रिया करून दाखविली व तिजवर पुस्तक लिहिलें. पुण्याजवळील तो शस्त्रवैद्य विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढेंच त्या वृत्तांत आहे. त्याचें नांव नाहीं. बाझलमध्यें देहान्त शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचेंहि नांव साडेचारशेंहून अधिक वर्षें टिकलें. आणि ज्याची कला युरोपानें उचलली त्या आमच्या कारागिराचें नांव लिहून ठेवण्यास त्याच गांवच्या एकाहि पंडिताची लेखणी उठली नाहीं!

वांटणी मोडतां येते, हेंहि आपल्याकडे दिसून आलें आहे. कलकत्त्याच्या संस्कृत पाठशाळेंत आयुर्वेद शिकविणाऱ्या मधुसूदन गुप्त यांनीं सुश्रुताची छापील आवृत्ति सिद्ध केली, आणि १८३६ मध्यें तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनींच प्रेतास सुरी लावली. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्यें निघालें, आणि आज सर्व जातींचीं मुलेंमुली तेथें शवच्छेदन शिकतात. एका विद्येपुरता विटाळ गेला. परंतु शेत, माग, भट्टी, गटार, सुतारखाना यांच्याकडे शिकलेला मनुष्य आजहि उंच आसनावरूनच पाहतो, आणि तेथें राबणारा आपलें ज्ञान कागदावर उतरवावयाचें असतें हें जाणत नाहीं, कारण तसें त्यास कोणीं कधीं सांगितलेलें नाहीं. ज्या घरांत मुलाच्या हातीं पुस्तक आहे त्यानें त्याच्या हातीं एखादें हत्यारहि द्यावें. आणि ज्या घरांत हत्यार आहे तेथें पुस्तक पोंचविण्याचें काम आपणां सर्वांचें आहे. व्हेसेलियस आसनावरून उतरला तेव्हां त्यास कोणाची परवानगी काढावी लागली नव्हती. आपणांसहि ती कोणाकडे मागावयाची नाहीं.